सहाशे बारा वाक्यं आणि थांबाताई

माझ्या नवऱ्याचा आवाज लॅपटॉपमध्ये आहे. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी अकरा दिवस हातात होते. मास्तर दार लावून बसले. ते शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि त्यांच्यामागे मीही म्हणते. त्या अकरा दिवसांत त्यांनी रोज लागतील अशी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली, एकूण सहाशे बारा. स्क्रीनवर चौकोन दिसतात, चौकोनावर बोट ठेवलं की मास्तर बोलतात. 'पाणी दे.' 'दार वाजतंय.' 'मीठ कमी आहे.' एक वाक्य मी हट्टाने भरून घेतलं होतं, 'तुझं बरोबर आहे, माझं चुकलं.' ते चार वर्षांत दोनदा वाजलं, आणि त्यातल्या एका वेळी बोट चुकून पडलं होतं.

सहाशे आठ नंबरचं वाक्य ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं आहे. 'घाबरू नकोस, मी आहे ना.' हे मात्र रोज वाजायचं. कारण मी घाबरट आहे आणि घाबरले की चिडते. जगाला माझं चिडणं तेवढं दिसतं. मास्तरांना आतलं दिसतं, म्हणून माझा आवाज चढला की ते वाद न घालता त्या चौकोनावर बोट ठेवायचे.

गेल्या वर्षापासून लॅपटॉप रेंगाळायला लागला. मास्तर 'बास' वर बोट ठेवायचे आणि आवाज येईपर्यंत मी ताटात आणखी एक डाव वाढलेला असायचा. आम्ही हसण्यावारी नेलं. आतून अधूनमधून टक टक असा आवाज यायचा, तो मी पंख्याच्या माथी मारला. मग एका सकाळी मी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग ओढत होते. स्टुलाचा मागचा पाय सरकत होता. तो मला दिसत नव्हता, मास्तरांना दिसत होता. मी धाडकन खाली आले, कोपर सोललं, बॅग अंगावर पडली. मी फरशीवर बसून कोपर चोळत होते तेव्हा लॅपटॉपमधून मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, 'सांभाळ.'

त्या दिवशी आम्ही कुणी हसलो नाही. पुढच्या वेळी मी गॅसपाशी असले तर काय, हा विचार दोघांच्या डोक्यात एकदमच आला असणार, कारण दोघांनीही गॅसकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपचं गाऱ्हाणं घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटरच्या चकचकीत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "हार्ड डिस्क म्हातारी झालीय. एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क टाका, पळायला लागेल."

"आमच्या लॅपटॉपला चालेल ना?"

"सगळ्यांना चालते हो." त्याने च्युइंगमच्या कांडीएवढी एक वस्तू काउंटरवर ठेवली. "आज पाच वाजता लॅपटॉप आणा. जुनं सगळं उडवून कोरा करकरीत करून देतो. आतल्या सामानाची कॉपी आहे ना?"

"आहे तर!" मी ऐटीत म्हटलं. मास्तर हॉस्पिटलात होते तेव्हाच मी स्वतःच्या हाताने सगळी वाक्यं पेन ड्राइव्हवर घेतली होती. तो पेन ड्राइव्ह कापसात गुंडाळून गोळ्यांच्या डबीत आणि डबी कपाटाच्या लॉकरमध्ये. चार वर्षं मी त्या डबीच्या जिवावर निवांत झोपत होते.

कांडी विकत घेऊन घरी आले आणि ही फुशारकी मास्तरांना सांगितली. त्यांनी खिशातली वही काढली, लिहिलं, 'आधी थांबाताई', आणि खाली तीन रेघा ओढल्या.

माझं डोकं फिरलं. थांबाताई म्हणजे छापखान्यामागच्या जिन्याखाली दुकान असलेल्या बाई. तिथे कुणीही काहीही घेऊन गेलं की त्यांचा पहिला शब्द 'थांबा'. साधा माऊस बदलायलाही त्या दोन दिवस ठेवून घेतात. मी मास्तरांना म्हटलं, "अहो, त्या बाईच्या हातात दिला तर दिवाळी उजाडेपर्यंत परत मिळायचा नाही." मास्तरांनी त्याच तीन रेघांखाली चौथी ओढली. मी धुसफुसत चपला घातल्या, मास्तरांनी लॅपटॉप काखेत घेतला आणि दोघं निघालो. दुपारचे दोन वाजले होते, पाचला अजून वेळ होता.

त्या खोलीत दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बेताने घ्यायचा. टेबलावर हिरवं रबर, वाकवता येणारा दिवा, स्क्रू ठेवायला फ्रिजमधला बर्फाचा ट्रे. भिंतीवरच्या फळीवर एक टाइपरायटर. थांबाताईंचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली चौदाव्या वर्षापासून त्याही करायच्या. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा बाई पस्तिशीच्या होत्या. कॉलेजातल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून त्या कॉम्प्युटर शिकल्या. आता साठीला आल्यात. भावाकडे राहतात, आणि भावजय येईल त्याला सांगते की आमच्या वन्सं गॅस बंद आहे का बघायला रात्री तीनदा उठतात. हात कायम थरथरतात, ते फक्त स्क्रू ड्रायव्हर धरला की थांबतात.

त्यांनी लॅपटॉप उलटा केला. खालचा स्टिकर पुसट झाला होता, तो भिंगातून एकेक अक्षर करत वाचला. मग एक जाडजूड वही उघडली. तीत त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मॉडेलचं एक पान होतं, डिस्क कुठल्या जातीची लागते, जाडी किती, जास्तीत जास्त किती मोठी चालते, स्क्रू किती लांब. मग त्यांनी माझी कांडी दिव्याखाली धरली.

"बसेल. खाच तीच आहे, स्क्रूही लागेल."

"मग झालं तर!"

"थांबा. बसेल, पण चालणार नाही. ही नव्या पद्धतीची आहे. तुमचा लॅपटॉप त्या खाचेत जुन्या पद्धतीचीच ओळखतो. ही लावली असती तर तो म्हणाला असता, माझ्यात डिस्कच नाही. आणि तोवर दुकानदाराने जुनी कोरी केली असती."

तरी माझं तोंड थांबलं नाही. "असू दे. माझ्याकडे कॉपी आहे."

"दाखवा."

"म्हणजे काय? मी काय खोटं बोलतेय?"

"तसं नाही हो. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाकण उघडत नाही. सगळ्यांनाच सांगते."

मी तणतणत घरी गेले, डबी घेऊन आले आणि त्यांच्यासमोर आपटली. थांबाताईंनी पेन ड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. स्क्रीनवर पिवळ्या फोल्डरचं एक चित्र आलं, खाली मास्तरांचं नाव. "बघा," मी म्हटलं. त्यांनी त्यावर क्लिक केलं. काही उघडलं नाही. पुन्हा केलं. मग त्या स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की नाक टेकायचं राहिलं.

"ताई, या चित्राच्या कोपऱ्यात हा छोटा बाण आहे, दिसतोय?"

"दिसतोय."

"हा शॉर्टकट आहे. तुमच्या लॅपटॉपवर फोल्डर कुठे ठेवलंय त्याचा नुसता पत्ता. तुम्ही पत्ता कॉपी केलात. वाक्यं यात नाहीत. यात काहीच नाही."

चार वर्षं मी कापसात गुंडाळून एक पत्ता जपला होता. मोठ्या रस्त्यावर पाच वाजता तो दुकानदार माझी वाट बघत असणार होता, आणि मास्तरांनी चौथी रेघ ओढली नसती तर मी गेलेच असते. मला मास्तरांकडे बघवेना. ते स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, आणि बोलण्यासाठी त्यांच्यापाशी काहीच नव्हतं, कारण लॅपटॉप टेबलावर उलटा पडला होता.

तेवढ्यात थांबाताईंनी लॅपटॉप सुलटा करून सुरू केला आणि कान लावला. टक. टक टक.

"हा आवाज कधीपासून?"

"पंखा आहे तो," मी म्हटलं. माझं मलाच खरं वाटलं नाही.

"डिस्क आहे." त्यांनी ताबडतोब बटण दाबून लॅपटॉप बंद केला. आता त्यांचाही चेहरा उतरला होता. "ही कधीही बंद पडेल. आज, उद्या, आत्ता. आता चालू करायची ती फक्त कॉपी घ्यायला."

त्यांनी उठून दाराला आतून कडी घातली. खणातून एक डिस्क काढली, जुनीच्याच मापाची. तिचं मॉडेल वहीतल्या पानाशी ताडून पाहिलं, पट्टीने जाडी मोजली. सात मिलिमीटर. साडेनऊची असती तर झाकण बसलं नसतं, हे त्या स्वतःशीच पुटपुटल्या. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तशी थरथर थांबली. अकरा स्क्रू निघाले, अकरा खणांत गेले. जुनी डिस्क बाहेर आली तेव्हा मला वाटलं, बस, एवढासा डबा? यात माझा नवरा 'पाणी दे' म्हणतो?

कॉपी करायच्या यंत्रावर दोन खाचा होत्या. जुनी एकीत, नवी दुसरीत. दोन्ही डिस्क सारख्याच काळ्या, सारख्याच आकाराच्या. थांबाताईंनी जुनीला लाल दोरा बांधला.

"माझा एक नियम आहे. ज्याचं सामान आहे त्याने बोट ठेवून मोठ्याने म्हणायचं, यातून, यात. तीनदा. मग मी बटण दाबते. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कचं रिकामपण भरलेल्या डिस्कवर जातं, आणि सगळं पुसतं. म्हणा मास्तर." आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "माफ करा. ताई, तुम्ही म्हणा."

मी बोट उचललं. नव्या डिस्कवर ठेवलं आणि म्हणाले, "यातून." मग लाल दोऱ्यावर ठेवलं. "यात."

"थांबा!" बाई ओरडल्या. त्याच क्षणी मास्तरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मला कळेचना काय झालं. मास्तरांनी एका हाताने वही उघडून लिहिलं, 'डबे.' आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या स्वयंपाकघरात जो डबा संपतो त्याला मी लाल दोरा बांधते, म्हणजे तो भरायचा हे लक्षात राहतं. लग्नानंतरची सवय. लाल दोरा म्हणजे रिकामं. माझ्या बोटाने डोक्याला न विचारताच मास्तरांचा आवाज रिकामा डबा ठरवून टाकला होता.

थांबाताई खुर्चीत बसल्या. "पंचवीस वर्षं दोरा बांधतेय," त्या म्हणाल्या, "त्याचा असाही अर्थ होत असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं हो." मग त्यांनी दोन कागद फाडले, मोठ्या अक्षरात 'भरलेली' आणि 'रिकामी' लिहून चिकटवले. या वेळी मास्तरांनी बोट ठेवलं आणि मी म्हटलं. यातून, यात. यातून, यात. यातून, यात. माझा आवाज माझा वाटत नव्हता. बाईंनी बटण दाबलं.

आधी फक्त वाक्यांचं फोल्डर घ्यायचं ठरलं, बाकी गेलं तर गेलं. स्क्रीनवर आकडे सरकू लागले. चाळीस. एकशे दहा. दोनशे बारावर आकडा अडकला आणि डिस्क टक टक करायला लागली. बाईंनी यंत्र बंद केलं. "तापलीय. वीस मिनिटं विश्रांती देऊ."

त्या वीस मिनिटांत मी त्यांना विचारलं की तुम्ही इतक्या भिता तर हा धंदा करता कशाला. विचारायची पद्धत माझी नेहमीचीच, म्हणजे भांडल्यासारखी. त्यांना राग आला नाही.

"कॉम्प्युटरच्या कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी एक मुलगी आली होती. तीन वर्षं लिहिलेला प्रबंध होता. मी घाईत उलटं बटण दाबलं. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्या पायरीवर जाऊन बसली आणि संध्याकाळी उठून गेली. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी सोडूनच देणार होते. पण म्हटलं, मी सोडलं तर लोक जातील ते न घाबरणाऱ्यांकडे."

मी खाली बघितलं. आज पाच वाजता मी नेमकी तिकडेच निघाले होते.

पुन्हा सुरू केलं. तीनशे. चारशे साठ. पुन्हा अडकलं, पुन्हा विश्रांती. बाहेर छापखान्याची यंत्रं बंद झाली, माणसं डबे वाजवत घरी निघाली. मास्तर माझा हात धरून होते. सहाशेच्या अलीकडे डिस्क एकदा मोठ्याने खरखरली. बाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "चल गं बाई, थोडंच राहिलंय." मग आकडा थांबला. सहाशे तीन.

"नऊ आली नाहीत," त्या म्हणाल्या. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी डिस्कने टक टकही केलं नाही. बाईंनी तिच्यावर हात ठेवला, मग बाजूला केली. "गेली."

न आलेल्या नऊ वाक्यांची यादी त्यांनी कागदावर काढून मास्तरांना दिली. मास्तर वाचत गेले, मी त्यांच्या खांद्यावरून. 'मीठ कमी आहे' गेलं होतं. देव पावला, मी म्हटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. 'रेडिओ लाव' गेलं होतं. आणखी काही बारीकसारीक. शेवटच्या ओळीपाशी मास्तरांचं बोट थांबलं. सहाशे आठ.

मला रडू आवरेना. सहाशे तीन वाक्यं बचावली होती आणि मी नऊंसाठी रडत होते, नऊंतल्याही एकासाठी. खरं सांगते, त्या क्षणी मी बाकीची सगळी देऊन ते एक मागितलं असतं. घाबरायला तर मला उद्याही होणार होतं, परवाही होणार होतं, आणि आता मला कोण सांगणार होतं?

बाईंनी नवी डिस्क बसवली, अकरा स्क्रू मोजून परत लावले, सगळं पुन्हा घालून लॅपटॉप सुरू केला. चौकोन आले. मास्तरांनी एका चौकोनावर बोट ठेवलं आणि बोट उचलायच्या आत खोलीत आवाज घुमला, 'तुझं बरोबर आहे, माझं चुकलं.' चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. तरी त्यांनी तेच निवडलं, आणि या वेळी बोट चुकून पडलं नव्हतं.

सहाशे आठचा चौकोन मात्र नुसता करडा होता. बाई म्हणाल्या, "यात दुसरा आवाज भरता येतो. कुणाचाही." मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी? अहो, ते मला ऐकायचं असतं!"

मास्तरांनी बोट हलवलं नाही.

पहिल्यांदा मला अर्ध्यातच हुंदका आला. दुसऱ्यांदा मी माइकजवळ तोंड नेलं, डोळे मिटले आणि म्हटलं. माझं कोपर दिव्याला लागलं, दिवा टेबलावरून घसरला आणि बाई ओरडल्या. तेही त्यात भरलं गेलं. "पुसून नीट भरू," बाई म्हणाल्या. मास्तरांनी लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवले आणि मान हलवली. नाही.

आता घरी माझा आवाज चढला की मास्तर सहाशे आठवर बोट ठेवतात. आवाज झटकन येतो. माझाच, रडवेला, कापरा. 'घाबरू नकोस, मी आहे ना,' मी मला सांगते, आणि मागून थांबाताई जीव खाऊन ओरडतात, 'थांबा!' आणि मी जिथे असेन तिथे थांबते.